दारू पिऊन गाडी चालवताना लायसन गेलंय? बेळगाव भागात ते परत कसं मिळवायचं

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो, म्हणजे बाकीचं वाचायला वेळ नसला तरी एवढं डोक्यात राहील. कोर्टात दंड भरला म्हणजे लायसन परत आलं असं होत नाही. कोर्टाची केस वेगळी आणि आरटीओची कारवाई वेगळी, दोन्ही एकाच रात्रीच्या एकाच गोष्टीवरून सुरू होतात पण दोन वेगळ्या ऑफिसात दोन वेगळ्या फाइलींनी चालतात, आणि एकीकडं मिटलं म्हणून दुसरीकडं आपोआप मिटत नाही. माझं खानापुरात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे, त्यात लायसनची कामं जास्त. दंडाची पावती खिशात घेऊन निवांत टेम्पो चालवणारी माणसं येतात, दुसऱ्याच कुठल्या तरी कामासाठी लायसन नंबर टाकतो तर स्क्रीनवर सस्पेंडेड. मग तोंड उतरतं. "अहो मी तर कोर्टात भरलो की सगळं!" भरलात ओ, पण ते कोर्टाचं. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

२०१९ साली मोटर वाहन कायदा बदलला आणि त्या वर्षी १ सप्टेंबरपासून नवीन नियम लागू झाले. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली की कलम १८५ लागतं. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये किंवा दोन्ही. आधी असं होतं की ३ वर्षांच्या आत परत सापडलं तरच दुसरी वेळ धरायचे, ती अट आता काढून टाकली आहे. म्हणजे ८ वर्षांनी सापडलात तरी ती दुसरीच वेळ. हे अजून खूप जणांना माहीत नाही.

त्या रात्रीची कागदं

फुंकायच्या मशीनमधून जी चिठ्ठी येते तिच्यावर आकडा असतो, तिचा फोटो काढून ठेवा कारण थर्मल कागदावरचं छापलेलं उडून जातं. लायसन पोलिसांनी काढून घेतलं की त्याची पावती मिळाली पाहिजे, ती मागून घ्या, भांडून नाही, नीट सांगून. पावतीवर बघायचं काय तर आपला लायसन नंबर बरोबर आहे का, कलम कुठलं लावलंय (नुसतं १८५ की त्याबरोबर १८४ म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंग पण आहे), कुठलं पोलीस स्टेशन, तारीख आणि वेळ. त्या अवस्थेत हे सगळं वाचायला सुचत नाही हे कबूल, म्हणून बरोबर कोणी असेल तर त्याच्याकडून करून घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी शुद्धीवर स्टेशनात जावा.

आता इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण जुन्या माहितीवर लोक फसतात. इतर काही केसमध्ये पोलिसांनी दिलेली पावती दाखवून गाडी चालवता येते. पण १८५ च्या केसमध्ये कलम २०६ चं चौथं पोटकलम लागतं आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की ही पावती गाडी चालवायची परवानगी देत नाही. लायसन हातात परत येईपर्यंत नाही. मित्र सांगेल "पावती आहे की, काय होत नाही", ऐकू नका.

दुसऱ्या दिवशी स्टेशनात गेलात की अजून एक काम करा. लायसन कुठल्या आरटीओला पाठवणार किंवा पाठवलं, आणि त्याचा जावक नंबर काय, हे विचारून लिहून घ्या. पुढं सगळी शोधाशोध ह्या एका नंबरावर सोपी होते. हा नंबर नसला की पोलीस म्हणणार पाठवलंय, आरटीओ म्हणणार आलं नाही, आणि तुम्ही मध्ये फिरत राहणार.

कोर्ट

हा दंड रस्त्यावर भरायचा नसतोच. कलम १८५ जागेवर मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांत बसत नाही, ते मॅजिस्ट्रेट कोर्टातच जातं. त्यामुळं "इथंच काय ते देऊन टाका" असं कोणी म्हणालं तर ते तुमच्या भल्याचं नाही, ना पैसे वाचणार ना केस सुटणार. गुन्हा जामीनपात्र आहे, घाबरून जायचं कारण नाही, पण दिलेली तारीख चुकवायची नाही. तारीख चुकली की वॉरंट निघू शकतं आणि मग साध्या केसची अवघड केस होते.

कोर्टात बहुतेक जण गुन्हा कबूल करतात आणि दंड भरून मोकळे होतात. खरंच प्यायला होता आणि मशीनचा आकडा स्पष्ट असेल तर कबूल करणं ठीकच आहे, मी त्यात काही वेगळं सांगणार नाही. पण कबूल करण्याआधी एवढं समजून घ्या की त्यामुळं तुमच्या नावावर शिक्षा नोंद होते, आणि पुढं कधी परत सापडलात तर कोर्टाला कलम २२ खाली लायसन रद्द करावंच लागतं, तिथं मॅजिस्ट्रेटच्या हातात सूट द्यायला जागा राहत नाही. आपल्याकडं सैन्य भरतीची तयारी करणारी पोरं गावोगाव आहेत, त्यांनी तर हे दहा वेळा वाचा. भरतीच्या आणि पोलीस व्हेरिफिकेशनच्या फॉर्मवर केस आहे का विचारतात, आणि तिथं लपवलेलं नंतर सापडलं की केसपेक्षा लपवणंच जड जातं.

आकड्याबद्दल खरंच शंका असेल, म्हणजे प्यायलाच नव्हता किंवा मशीन नीट चाललं नव्हतं असं वाटत असेल, तर कबूल करायच्या आधी वकील गाठा. कायद्यात रक्ताच्या लॅब टेस्टची पण तरतूद आहे, ती झाली का, रिपोर्ट काय आला, हे वकील बघू शकतो. आणि त्या रात्री फुंकायलाच नकार दिला असेल तर तो आपल्या बाजूचा पुरावा होत नाही बरं, उलट योग्य कारण नसताना नकार दिला ही गोष्ट आपल्याविरुद्ध धरता येते.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून एकटं उभं राहायची गरज नाही. प्रत्येक जिल्हा कोर्टात कायदा सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, बेळगावात पण आहे. महिला, एससी-एसटी, कमी उत्पन्नाची माणसं, अटकेत असलेली माणसं, ह्यांना मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याने मिळतो, उपकार म्हणून नाही. १५१०० ह्या नंबरवर फोन करून पण विचारता येतं.

दंड भरल्यावर दोन गोष्टी घेतल्याशिवाय कोर्टाच्या आवारातून बाहेर पडू नका. एक दंडाची पावती, आणि दुसरं म्हणजे निकालाच्या सही-शिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज. नक्कल त्या दिवशी मिळणार नाही पण अर्ज तर टाकून या. आणि निकालात कोर्टाने लायसनबद्दल स्वतः काही लिहिलंय का ते वाचून घ्या, कारण कलम २० खाली कोर्ट पण ठराविक काळासाठी गाडी चालवायला बंदी घालू शकतं. ती बंदी आरटीओच्या बंदीपेक्षा वेगळी.

आरटीओची नोटीस, आणि तिचं उत्तर

खरा खेळ इथं आहे आणि इथंच सगळे झोपतात.

पोलिसांकडून लायसन आरटीओत गेलं की आरटीओ तुम्हाला कारणे दाखवा नोटीस पाठवतात. कायदा असं सांगतो की तुमचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय ऑर्डर काढायची नाही. ऐकून घेतल्यावर अधिकारी एक तर सोडून देऊ शकतात, नाहीतर कारणं लिहून ३ महिन्यांची बंदी घालू शकतात. पहिल्या वेळेला ३ महिने. दुसऱ्या वेळेला लायसनच रद्द, आणि रद्द झालेल्याचं नाव सगळ्यांना दिसेल असं जाहीर पण करता येतं.

अडचण काय होते, तर नोटीस लायसनवरच्या पत्त्यावर जाते. आणि आपल्याकडं लायसनवरचा पत्ता कधीचा असतो? कॉलेजला असतानाचा, भाड्याच्या खोलीचा, नाहीतर मामाच्या गावचा. नोटीस तिकडं जाते, पोस्टमन "इथं राहत नाही" म्हणून परत पाठवतो, आणि तुमचं म्हणणं न ऐकताच ऑर्डर निघते. म्हणून नोटिशीची वाट बघत बसू नका. जावक नंबर घेऊन स्वतः आरटीओत जावा, फाइल कुणाच्या टेबलावर आहे ते बघा आणि सध्याचा पत्ता व मोबाइल नंबर लेखी देऊन पोच घ्या.

दुसरी अडचण भाषेची. नोटीस कन्नडमध्ये असते आणि आपल्यातल्या कितीतरी जणांना कन्नड बोललेलं समजतं पण सरकारी कन्नड वाचता येत नाही. समजल्याशिवाय कुठंही सही करू नका, लाजू पण नका. शेजारच्या शाळेतल्या मास्तरांना दाखवा, कन्नड मीडियमला शिकलेल्या पोराला दाखवा, मोबाइलवर फोटो काढून भाषांतर करणारं अॅप पण बऱ्यापैकी अर्थ सांगतं. नोटिशीत तीन गोष्टी शोधायच्या: उत्तर द्यायची शेवटची तारीख, सुनावणीला बोलावलंय का आणि कधी, आणि कुठल्या कलमाखाली नोटीस आहे.

उत्तर तोंडी नाही, लेखी द्या, दोन प्रती करा आणि एकीवर शिक्का मारून घ्या. कन्नड किंवा इंग्लिशमध्ये दिलं तर टेबलावर लवकर वाचलं जातं हे व्यवहाराचं सांगतोय. मजकूर साधारण असा ठेवा, मी मराठीतच देतो म्हणजे काय लिहायचंय ते तुम्हाला स्वतःला कळेल:

"महोदय, आपली नोटीस क्र. … दि. … मला दि. … रोजी मिळाली. दि. … रोजी माझ्यावर कलम १८५ खाली केस झाली. सदर केसमध्ये मी … कोर्टात दि. … रोजी दंड भरला असून पावती सोबत जोडली आहे. माझ्यावरची ही पहिलीच केस आहे, याआधी माझ्या लायसनवर कोणतीही नोंद नाही. त्या दिवशी कोणताही अपघात झाला नाही, कोणाला इजा झाली नाही. लायसन जमा झाल्यापासून मी गाडी चालवलेली नाही. माझा व माझ्या घरच्यांचा उदरनिर्वाह मालवाहू टेम्पोवर आहे. बंदी घालायचीच झाल्यास मुदत लायसन जमा झाल्याच्या तारखेपासून धरावी, तसेच केस दुचाकीवर झालेली असल्याने बंदी दुचाकीपुरती ठेवण्याचा विचार व्हावा, ही विनंती. रिफ्रेशर ट्रेनिंग करण्यास मी तयार आहे."

ह्यातलं जे तुमच्याबाबत खरं असेल तेवढंच ठेवा, बाकी सरळ काढून टाका. अपघात झाला होता तर झाला नाही असं लिहू नका, पोलिसांची फाइल त्यांच्यासमोरच असते. शेवटच्या दोन विनंत्या मान्य होतीलच असं नाही, तो अधिकाऱ्यांचा निर्णय, पण कायद्यात सगळ्या किंवा ठराविक प्रकारच्या गाड्यांसाठी बंदी असे शब्द आहेत, त्यामुळं मागण्यात गैर काही नाही. ज्याचं पोट लायसनवर आहे त्याने तर मागितलंच पाहिजे. आणि कोर्टातली केस अजून चालू असेल, तुम्ही ती लढवत असाल, तर आरटीओच्या उत्तरात कबुली देणारं काही लिहायच्या आधी वकिलाला दाखवा, एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरं असं नको.

ऑर्डर निघाली आणि ती चुकीची वाटत असेल तर ऑर्डर हातात मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. म्हणून ऑर्डर कधी मिळाली ती तारीख पाकिटासकट जपून ठेवा, आणि अपील कुणाकडं करायचं ते ऑफिसातच विचारून घ्या.

सीमेवरचा गुंता

आपला भाग असा की सकाळी घर कर्नाटकात, दुपारी काम महाराष्ट्रात आणि शनिवारी संध्याकाळी गोव्यात. निपाणीच्या माणसाचं लायसन कोल्हापूरचं एमएच ०९, गाडी केए २३, आणि केस बेळगावात. नाहीतर उलटं, बेळगावच्या केए २२ वाल्याला चोर्ला घाटातून परत येताना नाहीतर कागलला धरलं. अशा वेळी डोकं शांत ठेवून दोन प्रश्नांची उत्तरं काढायची. केस कुठं? तर जिथं पकडलं तिथल्या कोर्टात, तारखेला तिथंच जावं लागणार. आणि लायसन कुठं? ते मात्र पकडलेल्या स्टेशनातच कळतं, कारण पुढं पाठवणारे तेच. लायसन ज्या आरटीओने दिलंय तिथं पाठवलं का दुसरीकडं, हे तो जावक नंबर सांगतो. अथणी, चिकोडी, गोकाक, बैलहोंगल, कुठलाही तालुका असू दे, आधी हे दोन कागदावर लिहा मग घरातून निघा, नाहीतर बसभाड्यातच पैसे संपतात.

कायदा केंद्राचा आहे, त्यामुळं महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक तिन्हीकडं कलमं तीच. आणि लायसनची नोंद सारथी ह्या एकाच सिस्टिममध्ये असते. एका राज्यात सस्पेंड झालेलं लायसन दुसऱ्या राज्यात चालतं हा समज सोडून द्या.

ह्याच्यावरूनच आठवलं, एक सल्ला गावात हमखास मिळतो: "हिकडं अडकलंय न्हवं, मग चंदगडच्या पाहुण्याच्या पत्त्यावर नवीन काढून टाक." हे अजिबात करू नका, हात जोडून सांगतो. एका माणसाला एकच लायसन ठेवता येतं, आणि बंदी असताना दुसरं लायसन मागणं हाच कलम १८२ खाली वेगळा गुन्हा आहे, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. तसंच पोलिसांकडं जमा असलेलं लायसन हरवलं म्हणून डुप्लिकेटला अर्ज करणं. त्यात खोटं लिहून द्यावं लागतं, आणि ३ महिन्यांत सुटणारी गोष्ट फसवणुकीवर जाते. असं करून देतो म्हणणारे एजंट असतातच, त्यांचं नाव कुठं येत नाही, सही तुमची असते.

मधल्या काळात

गाडी चालवायची नाही. स्कूटी पण नाही, शेतापर्यंत ट्रॅक्टर पण रस्त्यावरून नाही, ऑर्डरमध्ये ज्या ज्या प्रकारच्या गाड्या आहेत त्यातलं काहीच नाही. बंदीत चालवलं तर तेच कलम १८२. डिजिलॉकरमधलं जुनं लायसन दाखवून सुटू असं वाटत असेल तर पोलीस नंबर टाकून सारथीवर बघतात.

पण मला त्या दंडापेक्षा जास्त भीती वाटते ती इन्शुरन्सची. बंदी असताना गाडी चालवून कुणाला धडक बसली तर कंपनी त्या माणसाला भरपाई देऊन तीच रक्कम नंतर तुमच्याकडून वसूल करू शकते, आणि तुमच्या गाडीचा खर्च तर मिळतच नाही. प्यायलेल्या अवस्थेतल्या अपघातातही तसंच. अपघातातल्या भरपाईच्या रकमा लाखांत जातात, गुंठा गुंठा करून राखलेली जमीन त्यात जाऊ शकते. आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल, भावाच्या, मालकाच्या, तर लायसन नसलेल्याला गाडी दिली म्हणून मालकावर पण ५,००० रुपयांचा दंड किंवा कैद होऊ शकते. म्हणून मालकाला स्पष्ट सांगा. ऊस सीझनमध्ये हे सांगणं अवघड जातं, हातातलं काम जाईल असं वाटतं, ते मला कळतं. तरी सांगा. तेवढे दिवस क्लीनर म्हणून, लोडिंगला, नाहीतर दुसरा ड्रायव्हर गाठून देऊन निभावता येतं, उद्यमबागेतल्या कारखान्यांत माल पोचवणारे कितीतरी जण एकमेकांच्या गाड्या असंच सांभाळून घेतात.

पिण्याबद्दल थोडं, कारण लायसन पुन्हा जप्त होणार की नाही ते इथंच ठरतं

नैतिक भाषण देत नाही, हिशोब देतो. ७० किलोच्या माणसाचा अंदाज धरा. एक मोठी बाटली स्ट्राँग बिअर, ६५० मिली, ८ टक्के, ह्यात साधारण ४१ ग्रॅम अल्कोहोल जातं आणि रक्तात आकडा ८० च्या वर जातो. मर्यादा ३०. म्हणजे "एकच बिअर घेतली" म्हणणारा माणूस मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट असतो. व्हिस्कीचे ३० मिलीचे दोन पेग उपाशीपोटी घेतले तरी ४० च्या आसपास. क्वार्टर घेतली की १२५ च्या पुढं. आणि शरीर तासाला साधारण १५ ने आकडा खाली आणतं, ह्यापेक्षा लवकर नाही. लिंबू, ताक, कडक चहा, थंड पाण्याची आंघोळ, ह्याने तरतरी येते, आकडा हलत नाही. बडीशेप आणि पान खाऊन वास जातो, मशीन वास मोजत नाही.

क्वार्टरचा हिशोब करा: १२५ वरून ३० वर यायला सहा-साडेसहा तास. हाफ घेतली असेल तर आकडा २५० च्या वर, रात्री १२ ला संपवली तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तुम्ही कायद्याने पिऊनच आहात. यात्रेच्या नाहीतर गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी "रात्री घेतलेली, आता काय" म्हणून लांबच्या भाड्याला निघणारे ड्रायव्हर असेच सापडतात. वजन कमी असलं, बाई असली, तर आकडा अजून वर.

रोज लागतेच असं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा एकट्याने एकदम बंद करू नका, रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली तर हात थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं असं होऊ शकतं आणि ते जिवावर बेततं. बेळगावच्या जिल्हा हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे, धारवाडला मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे, जवळच. फोनवर बोलायचं असेल तर १४४१६ हा टेली मानसचा नंबर आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा, दोन्ही फुकट. घरच्यांनी, वहिनींनी, आईने फोन केला तरी चालतो. आणि उपचार चालू असल्याचा डॉक्टरांचा कागद असेल तर तो आरटीओच्या उत्तराला जोडा, कारण दारूचं कायमचं व्यसन हे सुद्धा लायसनवर बंदी घालायचं एक स्वतंत्र कारण कायद्यात आहे, आणि तुम्ही त्यावर काही करताय हे फाइलमध्ये दिसलं पाहिजे.

३ महिने संपले, आता?

मुदत संपली म्हणून लायसन घरी पोस्टाने येणार नाही. कायद्यात असं आहे की ड्रायव्हर रिफ्रेशर ट्रेनिंग पूर्ण केलं तरच लायसन परत द्यायचं. हे ट्रेनिंग मान्यता असलेल्या ड्रायव्हिंग स्कूलमधूनच करावं लागतं, कोपऱ्यावरच्या कुठल्याही क्लासचं सर्टिफिकेट चालत नाही. म्हणून पैसे भरायच्या आधी आरटीओतच विचारा की कुठल्या स्कूलचं सर्टिफिकेट तुम्ही घेता, आणि जमलं तर ते लेखी घ्या. मुदत संपायची वाट न बघता मधल्या काळातच करून टाका, म्हणजे शेवटच्या दिवशी धावपळ नाही.

मग अर्ज. साधाच, की अमुक ऑर्डरची मुदत अमुक तारखेला संपली, लायसन परत मिळावं. बरोबर बंदीची ऑर्डर, पोलिसांची पावती, कोर्टाची दंडाची पावती आणि निकालाची नक्कल, रिफ्रेशरचं सर्टिफिकेट, आधार, सगळ्याच्या झेरॉक्स आणि ओरिजिनल दोन्ही न्या. मध्येच लायसनची मूळ मुदत संपली असेल तर रिन्यूअलचं पण त्याच वेळी विचारा. कोर्टाने स्वतः लायसन सस्पेंड केलं असेल तर परत मिळण्याआधी नव्याने ड्रायव्हिंग टेस्ट आणि मेडिकल सर्टिफिकेट द्यायची पाळी येते, तयारी ठेवा. कोर्टाची बंदी लांबलचक असेल तर ऑर्डरपासून ६ महिने झाल्यावर ती उठवा किंवा कमी करा असा अर्ज त्याच कोर्टात करता येतो. तो फेटाळला गेला तर पुढचा अर्ज करायला अजून ३ महिने थांबावं लागतं, त्यामुळं पहिलाच अर्ज नीट, कागदांसकट करा.

लायसन पूर्ण रद्दच झालं असेल तर परत मिळवणं हा विषय संपला, नवीनच काढायचं. आधी ऑर्डर नीट वाचा, त्यात ठराविक काळ बंदी लिहिली असेल तर तो संपेपर्यंत अर्ज करू नका. मग एलएल पासून सगळं: लर्निंग टेस्ट, ३० दिवस थांबणं, ट्रॅकवर टेस्ट, आणि अर्जात आधी रद्द झालेलं लायसन लपवायचं नाही. ट्रान्सपोर्टचं लायसन असणाऱ्यांना इथं सगळ्यात जास्त मार बसतो, कारण ते परत पहिल्यापासून उभं करायला वेळ लागतो.

लायसन हातात मिळाल्यावर लगेच किल्ली फिरवू नका. परिवहनच्या सारथी साइटवर लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकून स्टेटस बघा. कार्ड हातात आहे पण सिस्टिममध्ये अजून सस्पेंडेड दिसतंय असं होऊ शकतं, तसं असेल तर त्याच दिवशी त्याच काउंटरला स्क्रीनशॉट घेऊन परत जावा आणि अॅक्टिव्ह करून घ्या. लायसनवर कोर्टाने शेरा मारला असेल तर पुढची सलग ३ वर्षं दुसरा शेरा न पडता गेली की बिनशेऱ्याचं नवीन लायसन मागता येतं, ते आपोआप मिळत नाही, त्याला पण अर्ज करावा लागतो. ती तारीख आत्ताच मोबाइलमध्ये टाकून ठेवा, आणि पत्ता बदलायचा राहिला असेल तर तो पण ह्याच फेरीत बदलून घ्या.